ढोलकीच्या गाण्यात ड्रम बसत नाहीत, त्याचं काय करायचं

गुहागरकडच्या एका मुलाचा प्रश्न आहे. गणपतीसाठी जाखडीच्या (कोकणातल्या गोल फिरून नाचायच्या नाचाच्या) ढंगाचं एक गाणं त्याने घरीच रेकॉर्ड केलंय. चुलतभावाची ढोलकी, पेटी, टाळ, स्वतःचा आवाज आणि मागे घरातल्याच पाच-सहा जणांचा कोरस. "जरा भारी वाटावं" म्हणून नंतर लॅपटॉपवर तयार लूपचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचे, ड्रम चढवले. आता तक्रार अशी: "ड्रम वेगळेच वाजतात. मोठे केले की गाणं बुडतं, लहान केले की असून नसल्यासारखे. हेडफोनवर बरं वाटतं, स्पीकरवर लावलं की नुसता बुम बुम. काका, कुठला प्लगइन घेऊ?"

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो. प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा जास्तीचा इफेक्ट, घेऊ नको. पाठवलेली फाईल मी चार वेळा ऐकली. तुझ्या गाण्यात सामानाची कमी नाहीच, उलट दोन जणांचं काम चौघे करतायत. कोणाला कुठे गप्प बसवायचं हे ठरलं की अर्धं मिक्सिंग तिथेच होतं.

आधी ढोलकी बघू, कारण खरा बिघाड तिथे आहे आणि तू त्याचा आळ ड्रमवर घेतलायस. ढोलकीसमोर एक माइक होता आणि "सेफ्टी म्हणून" मोबाईलसुद्धा पलीकडे खिडकीत रेकॉर्डिंगला ठेवला होता, असं तू लिहिलंयस. मिक्समध्ये तू ते दोन्ही ट्रॅक एकावर एक लावलेस. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माइकपेक्षा मोबाईल पावणेदोन मीटर लांब असेल, तर तिथे आवाज पाच मिलिसेकंद उशिरा पोचतो. पाच मिलिसेकंद म्हणजे १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० फेरे घेणाऱ्या) लाटेचा बरोबर अर्धा फेरा. एका ट्रॅकमध्ये लाट वर जाते तेव्हा दुसऱ्यात ती खाली असते, आणि दोन्ही एकमेकांना खातात. तुझ्या ढोलकीचा घुमारा, म्हणजे डाव्या बाजूचा खोल आवाज, नेमका त्याच्याच आसपास आहे. म्हणजे तू घुमारा स्वतःच मारलास, मग ढोलकी पोकळ वाटली म्हणून तिची भरपाई करायला जाडजूड किक (ड्रम किटमधला पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणलीस. बुम बुम तिथून सुरू झालं.

करून बघ. मोबाईलचा ट्रॅक म्यूट कर आणि नुसता माइक ऐक. घुमारा परत आलेला दिसेल. मोबाईलचा ट्रॅक ठेवायचाच असेल, कारण त्यात खोलीचा मोकळेपणा छान आलाय, तर दोन्ही ट्रॅक झूम करून एखादा ठसठशीत ठोका शोध आणि मोबाईलचा ट्रॅक डावीकडे ओढून त्याचं टोक माइकच्या टोकाखाली आण. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे लाटेचं वर-खाली उलटवून) दोन्ही तऱ्हेने ऐक आणि ज्यात जास्त जाड वाटेल ते ठेव. गाण्याच्या शेवटी पुन्हा तपास. मोबाईलचं घड्याळ आणि ऑडिओ इंटरफेसचं घड्याळ तंतोतंत सारखं नसतं, त्यामुळे पाच-सहा मिनिटांच्या गाण्यात सुरुवातीला जुळवलेलं शेवटी थोडं सरकलेलं असू शकतं. तसं असेल तर प्रत्येक कडव्याला कापून पुन्हा जुळव. पुढच्या वेळी मात्र रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि शेवटी एक, म्हणजे हा शोध दोन मिनिटांत संपेल.

आता "ड्रम वेगळेच वाजतात" याकडे येतो. लूप मिनिटाला ९६ ठोक्यांच्या टेम्पोवर पक्का बसलेला आहे. तुझा भाऊ मात्र माणूस आहे, आणि चांगला वाजवणारा आहे. पहिल्या कडव्यात तो ९६ च्या थोडा मागे आहे, कोरस आला की पुढे सरकतो आणि शेवटच्या कडव्यात सरळ चढवतो. जाखडी चढायचीच. नाचणाऱ्यांचे पाय तापले की ढोलकी थांबत नाही, आणि डबलबारीतला (दोन भजनी बुवांच्या सामन्यातला) गजर ज्याने ऐकलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. तू काय केलंस, तर ढोलकी कापून कापून लूपवर बसवायला गेलास. मधल्या दोन कडव्यांत त्या कापाच्या जागा मला ऐकू आल्या, टाळाची शेपटी तुटते तिथे.

उलटं कर. मूळ न कापलेली ढोलकी परत आण आणि लूप तिच्यामागे चालव. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये काम करतोयस, तर प्रत्येक आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) टेम्पो मार्कर टाक, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेषा, ग्रिडच, ढोलकीप्रमाणे वाकते. सहा मिनिटांच्या गाण्यात हे काम कंटाळवाणं आहे. मला तास-दीड तास लागतो, एक चहा धरून. पण त्यानंतर ड्रम जिथे टाकशील तिथे ते भावाच्या हाताबरोबर पडतात. ऑडिओ लूप ताणून घेण्यापेक्षा मिडी ड्रम (सुटे ठोके हवे तिथे मांडता येतात ते) घे, ताणलेल्या लूपमध्ये स्नेअरचं (किटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचं) टोक बोथट होतं. आणि सगळे ठोके बसले की ड्रम किटचा पूर्ण ट्रॅक पाच ते आठ मिलिसेकंद उशिरा सरकव. दोन ठोके इतके जवळ असले की कान त्यांना एकच ठोका मानतो, आणि त्यातला जो आधी येतो त्याचा चेहरा पुढे राहतो. तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेलास की "टडक्" असे दोन ऐकू यायला लागतील, म्हणून जपून. शाईचा (ढोलकीच्या काळ्या लेपाच्या बाजूचा) ठोका आधी, किटची जाडी मागून, असं झालं की ऐकणाऱ्याला ढोलकीच मोठी झाल्यासारखी वाटते. तुला तेच हवं होतं ना?

यानंतरचा मुद्दा मिक्सिंगचा कमी आणि तालाचा जास्त आहे, पण त्याच्याशिवाय फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) हलवून काही उपयोग नाही. तुझा भाऊ जे वाजवतोय त्याच्या तळाशी केरवा हा आठ मात्रांचा ताल आहे: धा गे ना ती, ना क धी ना. पाचव्या मात्रेवर 'खाली' आहे, म्हणजे तालातली रिकामी जागा. ती, ना, क या तीन मात्रांत घुमारा नसतो, तो सातव्या मात्रेवर धी बरोबर परत येतो. केरव्याचा सगळा झोका त्या रिकाम्या जागेत आहे. घुमारा जातो, अंग हलकं होतं, आणि धी आला की पाय खाली पडतो. तुझ्या लूपमध्ये किक ठराविक अंतराने, ठाम ठाम ठाम, पाचव्यावरसुद्धा पडते. खाली भरून टाकलीस, मग नाचणार कोण? पहिल्या दोन कडव्यांत किक फक्त समेवर ठेव. कोरसला समेवर आणि सातव्यावर. पाचव्यावर कुठेही नको. शेवटच्या चढात वाटलं तर किक मोकळी सोड, तिथे खाली-भरीचा हिशेब कोणी करत नाही.

हाय-हॅट (किटमधली झांजांची जोडी) काढून टाक. टाळ आहेत की तुझ्याकडे! टाळ, झांज आणि हाय-हॅट यांचं वरचं झगझगीत टोक साधारण एकाच पट्ट्यात असतं, चार-पाच हजार हर्ट्झपासून वर. दोन्ही एकत्र वाजले की ती चकचक गाणाऱ्याच्या "स" आणि "श" वर येऊन बसते. शब्द कळत नाहीत म्हणून तू आवाज वाढवतोस, मग सगळंच ओरडतं. मी वीसेक वर्षं आपल्या भागातली गाणी करतोय आणि टाळ असलेल्या गाण्यात हाय-हॅट लागली असा प्रसंग मला आठवत नाही. स्नेअरसुद्धा पातळ ठेव, किंवा त्याऐवजी टाळीचा आवाज घे. घरातल्या चौघांना पडवीत उभं करून खऱ्या टाळ्या रेकॉर्ड केल्यास तर लूपवाल्याची टाळी विसरशील.

मग उरलं काय? किक, पातळ स्नेअर किंवा टाळ्या, एखादा टॉम (किटमधला सुरेल ड्रम), शेवटी एक क्रॅश (मोठी झांज). एवढंच पुरतं.

आता आवाजांची वाटणी. तळाला दोघे आहेत, किक आणि घुमारा, आणि तिथे एकालाच राहता येतं. तुझ्या गाण्यात घुमारा १०० च्या आसपास बोलतो, तेव्हा किकला त्याच्याखाली ५०-६० वर बसव आणि किकमधून १०० ते १२० चा भाग तीन-चार डेसिबल काढ. ढोलकीला ६०-७० वर हाय-पास (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) लाव, तिथे तिचं काही नाही, फक्त जमिनीची धडधड आणि पंख्याची घरघर आहे. पेटीला १२० पासून हाय-पास, आवाजाला ९० पासून. कोरसला तर १५० पासून लाव, कोणाला कळणारसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट बहुतेक जण सोडतात. ढोलकी सुरात असते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एस. कुमार यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये एक टिपण छापलं होतं, आपल्याकडच्या शाईवाल्या तालवाद्यांवर. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे नाद मूळ नादाशी पटत नाहीत, म्हणून त्यातून गोंगाट येतो. मधे शाईचा भार दिला की ते नाद मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट असे जवळपास नीट रांगेत येतात, आणि कातड्यातून सूर निघतो. पाश्चात्त्य किटच्या किक-स्नेअरला असा लख्ख सूर नसतो, पण किकच्या सॅम्पलला (रेकॉर्ड केलेल्या तयार ठोक्याला) एक ढोबळ सूर असतोच. तुझं गाणं काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा धरून) आहे. तिचा खालचा सा सुमारे ६९ हर्ट्झवर आणि त्याच्याखालचा पंचम ५२ वर पडतो. तुझी किक मी मोजली, ती ५६ च्या जवळ आहे, म्हणजे धड पंचम नाही की धड सा नाही. सॅम्पलरमध्ये ती साधारण सव्वा सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन, १०० सेंट) उतरव, अचूक सांगायचं तर १३० सेंट, म्हणजे पंचमावर येईल. एवढ्याने पेटीच्या खालच्या सुरांची मळमळ कमी होते. तू ऐकशील तेव्हा "काहीतरी स्वच्छ झालं" एवढंच वाटेल.

भावाची ढोलकीसुद्धा तिसऱ्या कडव्यापर्यंत उतरलीय. जुलै-ऑगस्टमध्ये हे होणारच. दमट हवेत पुडी (ताणलेलं कातडं) ओलावा धरते आणि सैल पडते. पूर्वी आम्ही साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून ढोलकी त्याच्याजवळ ठेवायचो. आता सगळीकडे एलईडी, त्याला ऊबच नाही. चुलीपासून हातभर लांब ठेवतात काही जण, तेही चालतं, फक्त कोणीतरी बघत बसायला हवं. प्रत्येक टेकच्या आधी पेटीवर सा धरून ढोलकी लावून घ्यायची. आता झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये तिसरं कडवं २०-३० सेंट वर घेतलंस तरी चालेल, त्याच्या पुढे ओढलंस तर रबरासारखी वाजेल.

कॉम्प्रेसरबद्दल, म्हणजे मोठे आवाज दाबणाऱ्या इफेक्टबद्दल, थोडक्यात. तू ढोलकीवर अटॅक (दाबायला लागण्याआधीचा वेळ) एक मिलिसेकंद ठेवलायस. म्हणजे ठोका दारात आल्या आल्या त्याच्या थोबाडीत बसते. अटॅक २५-३० कर, रिलीज (दाब सोडायचा वेळ) १०० च्या आसपास, रेशो (दाबायचं प्रमाण) चारास एक, आणि तीन-चार डेसिबलच्या वर दाबू नको. ठोक्याचं टोक सुटून पुढे जाईल आणि मागची शेपटी जाड होईल. मग ढोलकी, किक, टाळ्या, टाळ हे सगळे एका बसवर (एकत्र जाणाऱ्या वाटेवर) घे आणि त्या बसवर दोनास एकचा हलका कॉम्प्रेसर, जेमतेम दोन डेसिबल. वेगवेगळ्या दिवशी वाजलेल्या गोष्टी यानेच एकत्र श्वास घ्यायला लागतात.

आता जागा. ड्रम "वर चिकटवल्यासारखे" वाटतात त्याचं उरलेलं कारण हे आहे. ढोलकीत तुमच्या चिरेबंदी घराची खोली आलीय, गुळगुळीत गिलावा आणि फरशी असलेली. किटच्या सॅम्पलमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या हॉलचा रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, आधीच भरलाय. दोघे दोन गावांत बसून वाजवतायत. किटचं कोरडं सॅम्पल घे, त्याचा हॉल बंद कर. मग एकच रिव्हर्ब बनव, छोट्या खोलीचा, ०.६ ते ०.८ सेकंदांचा, आणि त्यात ढोलकी कमी, किट जास्त असं दोघांनाही पाठव, कारण ढोलकीत खोली आधीच आहे. रिव्हर्बच्या आउटपुटला २५० हर्ट्झचा हाय-पास लावायला विसरू नको, नाहीतर किकचा चिखल होतो. मोबाईलचा जुळवलेला ट्रॅक असेल तर तीच तुझी खरी खोली. किट स्पीकरवर वाजवून त्याच खोलीत, त्याच खिडकीतून पुन्हा रेकॉर्ड केलंस तर रिव्हर्बसुद्धा लागणार नाही. मी हे पुष्कळदा करतो. फक्त रात्री करावं, दिवसा कोणाचा तरी कोंबडा किकबरोबर येतो. आणि पाऊस नसताना. कौलांवरचा पाऊस कुठल्याही फिल्टरने नीट निघत नाही, तो सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरलेला असतो.

डावं-उजवं कसं वाटायचं हे विचारलं नाहीस, पण तुझ्या फाईलमध्ये ढोलकी पूर्ण डावीकडे आहे. जाखडी डोळ्यांसमोर आण. गाणारा आणि ढोलकीवाला मधे बसतात, नाचणारे भोवती फिरतात. आवाज, ढोलकी आणि किक मधे. कोरस दोन-तीनदा गाऊन घेतलाय, तो दोन्ही बाजूंना पसर. टाळ एका अंगाला थोडे, टाळ्या दुसऱ्या. मंडळाचे स्पीकर बहुतेक वेळा मोनोच जोडलेले असतात, तेव्हा डाव्या कोपऱ्यात टाकलेली ढोलकी कोणाच्या नशिबी येईल सांगता येत नाही.

त्यावरून आठवलं. मी पहिल्यांदा एका मंडळासाठी गाणं केलं ते रात्री, हेडफोनवर, घरातले झोपलेले म्हणून अगदी हळू आवाजात. माणसाचा कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख काढले होते. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. किक कमी वाटली म्हणून वाढवत गेलो. आरतीनंतर मंडपात गाणं लागलं, बारा इंची स्पीकर, पूर्ण आवाज. पत्रे थरथरायला लागले आणि मागून एक म्हातारबुवा ओरडले, "मेल्या, बुवांचो आवाज खंय गेलो?" तोच बुम बुम तुझ्याकडे आहे. हेडफोनवर केलेला तळ कधीच खरा धरायचा नाही. तुझी खोली साडेतीन मीटर लांब असेल तर ती स्वतः ५० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून स्पीकर लावलास तरी भिंतीला चिकटून बसून ऐकू नको. मधल्या आवाजात, साधारण आपण बोलतो तितक्या पातळीवर मिक्स कर, मग एकदा मोठ्याने आणि एकदा अगदी हळू ऐक. अगदी हळू आवाजात शब्द आणि शाईचा ठोका दोन्ही कळले पाहिजेत. किक नाही कळली तरी चालेल.

मोबाईलवर आणि मंडळाच्या कर्ण्यावर किक दिसणारच नाही. कर्ण्यातून तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही, तुझी ५२ ची किक तर सोडूनच दे. तिथे आवाज वाढवण्याऐवजी किक आणि ढोलकीच्या डाव्या बाजूवर हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडून जाड करणारा इफेक्ट) दे. त्याने वरच्या पट्ट्यात, २०० ते ५०० पर्यंत, त्या सुराचे नातेवाईक तयार होतात, आणि नातेवाईक ऐकले की कान मूळ माणूस आलाय असं धरून चालतो. रीपरमध्ये त्यासाठी त्याच्यासोबतच येणारे जेएसचे सॅच्युरेशनवाले इफेक्ट फुकट आहेत. इक्वलायझर आणि कॉम्प्रेसरही त्याचेच, रीईक्यू आणि रीकॉम्प. मी वर सांगितलेलं सगळं एवढ्यातच होतं. पैसे उरले असतील तर दुसरा एक साधा डायनॅमिक माइक घे, ढोलकीच्या डाव्या बाजूसाठी. पण दोन्ही माइक समोरासमोर असले तर एकाची पोलॅरिटी उलटवून ऐकायचं विसरू नको.

शेवटी मास्टर. सगळं जमेपर्यंत मास्टरवर (सगळं एकत्र येतं त्या शेवटच्या ट्रॅकवर) लिमिटर, म्हणजे टोकं छाटणारा इफेक्ट, नको, सगळ्यात उंच टोक उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू दे. यूट्यूबवर टाकणार आहेस तर उणे १४ लफ्सच्या (एकूण मोठेपणाच्या मापाच्या) जवळपास ठेव; त्याहून मोठं केलंस तर ते स्वतःच खाली आणतात, आणि चेपलेल्या ठोक्यांचं चेपलेपण तेवढं शिल्लक राहतं. पेन ड्राइव्हसाठी वेगळी फाईल काढ, मोनो, ३२० ची एमपी-थ्री, आणि ती व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

मधल्या कडव्यात ढोलकी एकटी वाजते ते आठ आवर्तनांचं मोकळं काम, त्याखाली तू टॉम घातलेत. ते काढ. भावाने तिथे हात मोकळा सोडलाय, तो तसाच ऐकू दे.